नवं इंटिरिअर, जड डोकं: ऑफिसातल्या हवेबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कॉलेज रोड, गंगापूर रोड, कॅनडा कॉर्नर, मुंबई नाका, इंदिरानगर... जुना गाळा किंवा फ्लॅट मोडून नवं ऑफिस करण्याचं काम नाशिकमध्ये वर्षभर कुठे ना कुठे सुरूच असतं. काम संपतं, फोटो निघतात, पेढे वाटले जातात आणि आठवड्याभरात पुढचे प्रश्न यायला लागतात. उत्तरं साधारण ५०० ते २,००० चौरस फुटांच्या, स्प्लिट किंवा कॅसेट एसी लावलेल्या ऑफिसांना धरून दिली आहेत.

काम संपून तीन आठवडे झाले, रंगाचा वासही गेला. तरी डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. असं का?

वास गेला तो रंगाचा. पाण्यात कालवायच्या इमल्शन रंगातली बहुतेक बाष्पं काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत उडून जातात. फर्निचरचं तसं नसतं. एमआर ग्रेडचा (ओल थोडीफार सोसणारा) प्लाय, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड ज्या गोंदाने चिकटवलेले असतात तो बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो. त्यातून फॉर्मल्डिहाइड हा वायू हळूहळू सुटत राहतो. हे महिनोन्महिने चालतं, कधी वर्षांवर जातं, आणि उष्णता किंवा दमटपणा वाढला की जोर धरतं. भरीला सनमायकासाठी वापरलेलं रबरी अ‍ॅडहेसिव्ह, मेलामाइन पॉलिश, थिनर, नव्या खुर्च्यांचा फोम आणि कार्पेट टाइल्सखालचा गोंद असतोच.

फॉर्मल्डिहाइड डोळे, नाक आणि घशाला झोंबतं. इमारतीच्या आतल्या हवेत त्याची अर्ध्या तासाची सरासरी दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. याने लगेच धास्तावू नका. पुरावा किती पक्का आहे ते हा गट सांगतो, तुमच्या ऑफिसात धोका किती ते सांगत नाही. पण ‘नव्या फर्निचरचा वास काय छान येतो’ म्हणत खिडक्या लावून बसावं अशीही ही गोष्ट नाही.

एक ढोबळ खूण सांगतो. डोळे, नाक, घसा कुरकुरत असेल तर रसायनांचा किंवा धुळीचा संशय घ्या. दुपारी तीननंतर सगळ्यांना जांभया येत असतील, डोकं जड होत असेल आणि बाहेर चहाला गेल्यावर पाच मिनिटांत बरं वाटत असेल, तर ताजी हवा कमी पडते आहे. नव्या ऑफिसात बहुतेक वेळा दोन्ही असतं.

सोमवारी सकाळी कुलूप उघडलं की वास सगळ्यात जास्त का येतो?

शनिवार-रविवार सगळं बंद असतं. प्लायमधून वायू सुटणं काही रविवारी थांबत नाही, तो बाहेर जाणं तेवढं थांबतं. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या काचेतून ऊन आत येत असेल तर खोली तापते आणि आणखी जास्त सुटतं. सोमवारी जो पहिला येतो त्याला सांगून ठेवा: आधी सगळ्या खिडक्या आणि एक्झॉस्ट, अर्ध्या-पाऊण तासाने एसी. आणि सोमवारची नऊची मीटिंग त्या बंद काचेच्या केबिनमध्ये ठेवू नका.

एसी तर दिवसभर सुरू असतो. म्हणजे ताजी हवा येतेच ना?

नाही येत. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही याच्याबद्दलच. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत खोलीत सोडतो. बाहेरच्या युनिटकडे जाणाऱ्या पाइपातून फक्त गॅस फिरतो, हवा नाही. छतातल्या कॅसेटचंही तेच. तिला बाहेरच्या हवेचा वेगळा डक्ट जोडलेला असेल तरच गोष्ट वेगळी, आणि छोट्या ऑफिसांत तो बहुधा जोडलेला नसतो. एसीच्या आतली जाळी धूळ थोडीफार अडवते, वायू अजिबात नाही.

जुन्या ऑफिसात हे कधी जाणवलं नाही, कारण तिथे लाकडी खिडक्यांच्या फटी होत्या, दारावर झरोका होता, पंखे होते. रिनोव्हेशनमध्ये आपण नेमकं तेच काढून टाकतो. खिडकीच्या जागी न उघडणारी काच येते, झरोका फॉल्स सीलिंगच्या वर जातो आणि दाराला खाली रबराची पट्टी लागते. वीजबिल कमी येतं हे खरं, पण आतली हवा आतच राहते.

आकड्यात बघा. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० असतो. बसून काम करणारा माणूस तासाला अंदाजे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दहा बाय पंधरा फुटांच्या, नऊ फूट उंचीच्या बंद केबिनमध्ये सहा जण मीटिंगला बसले, तर पाव तासाच्या आत आकडा १,००० च्या पुढे जातो. इतका कार्बन डायऑक्साइड विषारी नव्हे. पण तो साचतो आहे याचा अर्थ प्लायचे वायू, घामाचा वास, एखाद्याच्या सर्दीचे विषाणू, सगळंच साचतं आहे.

मग करायचं काय? एक्झॉस्ट किती मोठा लावायचा?

अमेरिकेच्या अ‍ॅशरे या संस्थेचा वायुवीजनाचा ६२.१ हा मानक जगभर धरला जातो. ऑफिससाठी त्याचा हिशोब सोपा आहे: माणशी ५ सीएफएम, अधिक दर चौरस फुटाला ०.०६ सीएफएम बाहेरची हवा. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट. ८०० चौरस फुटांत १२ जण बसत असतील तर ६० अधिक ४८, म्हणजे १०८ सीएफएम. पंख्याच्या खोक्यावर बहुतेकदा ताशी घनमीटर लिहिलेले असतात. एक सीएफएम म्हणजे ताशी १.७ घनमीटर, तेव्हा तुम्हाला निदान १८५ च्या आसपास हवेत. ही किमान गरज झाली. नव्या फर्निचरच्या पहिल्या काही महिन्यांत आम्ही दुप्पट धरायला सांगतो. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, मागे जाळी, झडप आणि चार फूट पाइप लागला की तो बराच उतरतो, म्हणून पंखा एक माप मोठाच घ्या.

आता याहून महत्त्वाचं. हवा बाहेर ओढायची तर ती कुठूनतरी आत यायला हवी. घट्ट बंद ऑफिसात एकटा एक्झॉस्ट लावला तर तो नुसता आवाज करतो, किंवा जिथे फट सापडेल तिथून हवा खेचतो, आणि ती फट पुष्कळदा टॉयलेटची किंवा खालच्या पार्किंगकडे जाणाऱ्या जिन्याची असते. एक्झॉस्ट एका टोकाला असेल तर हवा आत यायची वाट दुसऱ्या टोकाला ठेवा. दोन्ही एकाच खिडकीत असतील तर आलेली हवा तशीच बाहेर जाते आणि कोपऱ्यातल्या अकाउंट्सवाल्यांना काहीच मिळत नाही. आत येणाऱ्या वाटेवर धुता येणारी जाळी बसवा, रस्त्यालगत असाल तर त्यामागे चांगला फिल्टरही.

तपासायला उदबत्तीची एक काडी पुरते. एसी आणि पंखे बंद करून ती हवा आत येण्याच्या ठिकाणी धरा, धूर आत झुकला पाहिजे. मग केबिनच्या दाराखालच्या फटीशी धरा. तिथे धूर सरळ वर जात असेल तर त्या केबिनमध्ये हवा फिरत नाही. दार खालून इंचभर तासून घ्या किंवा त्याला जाळी बसवा. सुताराचं काही मिनिटांचं काम आहे.

आणि हो, एसी सुरू असताना बाहेरची हवा आत घेतली की बिल वाढणारच. वाढू द्या.

दसऱ्याचा मुहूर्त धरला आहे. काम संपल्यावर किती दिवसांनी बसायला हरकत नाही?

लीड या हरित इमारत मानकात यासाठी एक प्रक्रिया आहे: लोक राहायला येण्याआधी जमिनीच्या दर चौरस फुटामागे १४,००० घनफूट बाहेरची हवा आत सोडायची, आणि त्या वेळी आतला दमटपणा ६० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. ८०० चौरस फुटांच्या ऑफिसला हे एक कोटी बारा लाख घनफूट होतात. ताशी १,००० घनमीटर हवा खरोखर फेकणारा एक्झॉस्ट घेतला तरी रात्रंदिवस चालवून सुमारे तेरा दिवस. घाई असेल तर त्याच मानकात दुसरी वाट आहे: आधी दर चौरस फुटामागे ३,५०० घनफूट, म्हणजे साडेतीन दिवसांच्या आत, मग माणसं बसवायची, पण उरलेला आकडा पुरा होईपर्यंत दर चौरस फुटाला निदान ०.३ सीएफएम हवा चालू ठेवायची. आपल्या ८०० फुटांना ती २४० सीएफएम होते.

कुणी प्रमाणपत्र मागणार नसलं तरी हा हिशोब करून बघण्यासारखा आहे. ‘दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या’ हे किती तोकडं आहे ते त्यातून कळतं.

दसऱ्याची अडचण वेगळीच आहे. दसऱ्याचा मुहूर्त म्हणजे सुतारकाम आणि रंग भर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. त्या दिवसांत नाशिकला बाहेरचीच हवा ओली असते. पुट्टी वाळत नाही, पॉलिश चिकट राहतं आणि दमटपणामुळे प्लायमधून वायू जास्त सुटतो. खिडकी उघडावी तर आणखी ओल आत येते. हातात असेल तर काम डिसेंबर-जानेवारीत काढा आणि गुढीपाडवा किंवा अक्षय्य तृतीया धरा. मार्च-एप्रिलची कोरडी, तापलेली हवा फुकटात जे काम करते ते कुठल्याही यंत्राने व्हायचं नाही.

दसराच पक्का असेल तर मुहूर्त मोडू नका. त्या दिवशी पूजा करा, खुर्चीवर बसा, पहिलं बिल फाडा. माणसं मात्र लक्ष्मीपूजनानंतर बसवा. मधले सुमारे वीस दिवस ऑक्टोबरच्या उन्हाचे असतात. एक्झॉस्ट रात्रंदिवस सुरू, सगळे ड्रॉवर आणि कपाटांची दारं सताड उघडी. ड्रॉवर उघडे ठेवायला बहुतेक जण विसरतात, आणि वास तिथेच बसलेला असतो.

हीटर लावून खोली तापवली तर वायू लवकर निघून जातात असं ऐकलं.

तापमान वाढलं की जास्त सुटतात हे खरं. पण सोबत जोरात हवा खेळती नसेल तर ते बाहेर न जाता पडदे, सोफे आणि फॉल्स सीलिंगच्या बोर्डात मुरतात आणि नंतर सावकाश परत येतात. शिवाय नवी लाकडी पट्टी वाकते, सनमायका सुटतो. नाशिकच्या मे महिन्यात हीटरची गरजही नाही: दिवसा ऊन येऊ द्या, एक्झॉस्ट चालू ठेवा, झालं.

बाहेरचीच हवा कुठे चांगली आहे? खिडकी उघडून धूळच आत घ्यायची का?

रास्त प्रश्न आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेचं राष्ट्रीय मानक न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिक आहे. ‘आमच्या नाशिकची हवा’ हा अभिमान थंडाव्यापुरता ठीक, बारीक कणांच्या बाबतीत तो टिकत नाही. पीएम २.५ साठी, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांसाठी, आपलं २४ तासांचं मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून १५ म्हणते. त्यात सिंहस्थाच्या तयारीत खणलेले रस्ते.

तरीही उत्तर ‘उघडा’ असंच आहे, वेळ बघून. हिवाळ्यात पहाटे आणि सकाळी गार हवा खाली बसलेली असते. शेकोट्या, जाळलेला पाला, गाड्यांचा धूर सगळा त्याच थरात अडकतो. म्हणून सोमवारचा तो अर्धा-पाऊण तास सोडला तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी खिडक्या अकरानंतर उघडा आणि चार-पाचला लावा. फिरायला जाणाऱ्यांच्या सवयीने आपण नेमकं उलटं करतो. उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर. पावसाळ्यात कणांची चिंता कमी, ओलीची जास्त. पाऊस थांबला की तासभर उघडा, बाकी वेळ एक्झॉस्ट आणि एसीचा ड्राय मोड.

द्वारका किंवा मुंबई नाक्यासारख्या चौकात ऑफिस असेल तर रस्त्याकडची खिडकी बंद ठेवून मागच्या बाजूने हवा घ्या. सातपूर-अंबडला असाल तर शेजारच्या शेडमध्ये काय चालतं ते आधी बघा. शेजारी पावडर कोटिंग किंवा प्लेटिंग सुरू असेल तर तिकडच्या भिंतीला हवेची वाट काढण्यात अर्थ नाही.

एअर प्युरिफायर घेतला तर प्रश्न मिटेल का?

अर्धा. हेपा फिल्टर कण पकडतो, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणं ही त्याची व्याख्याच आहे. रस्त्याची धूळ, धूर, पीओपीची भुकटी यांसाठी उत्तम. पण वायू हेपातून सरळ निघून जातात. त्यासाठी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन लागतो, आणि इथे वजनाला महत्त्व आहे. स्वस्त यंत्रात कार्बन म्हणजे काळ्या स्पंजाचा एक पातळ पत्रा असतो. नव्या ऑफिसात तो बघता बघता भरतो. त्यातही फॉर्मल्डिहाइडचा रेणू इतका छोटा आणि चंचल असतो की साधा कार्बन त्याला नीट धरत नाही, खास रसायन लावलेला कार्बन लागतो.

दुकानात दोनच प्रश्न विचारा: सीएडीआर (यंत्र तासाला किती हवा गाळून देतं तो आकडा) किती आणि कार्बन किती ग्रॅम? पहिल्याचं उत्तर लगेच मिळेल. दुसऱ्यावर विक्रेता मोबाइलमध्ये शोधायला लागला तर ते यंत्र धुळीसाठी आहे असं समजून भाव करा. २०० चौरस फुटांच्या केबिनला ताशी पाच वेळा हवा गाळायची तर सीएडीआर ताशी २५० घनमीटरच्या आसपास हवा.

‘ओझोन’ किंवा ‘अ‍ॅक्टिव्ह ऑक्सिजन’ लिहिलेली यंत्रं माणसं बसतात त्या खोलीत नकोतच. ओझोन स्वतः फुप्फुसाला त्रासदायक, आणि लिंबाच्या वासाच्या क्लीनरमधल्या द्रव्याशी संयोग झाला की त्यातून आणखी फॉर्मल्डिहाइड तयार होतं.

स्नेक प्लांट, मनी प्लांट, अरेका पाम?

ठेवा, डोळ्यांना बरं वाटतं. हवेसाठी नको. ही समजूत १९८९ च्या नासाच्या प्रयोगावरून पसरली. तो प्रयोग छोट्या, हवाबंद पेटीतला होता. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये अशा प्रयोगांचे आकडे खऱ्या इमारतीला लावून पाहिले: साध्या वायुवीजनाइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. म्हणजे ऑफिस काढून रोपवाटिका टाकावी लागेल, आणि गंगापूर रोडला त्या आधीच पुष्कळ आहेत. कुंड्यांना रोज पाणी घालून ओल वाढवू नका, एवढं सांभाळा.

वाटीत कोळसा, मीठ, कापलेला कांदा?

कांद्याने कांद्याचा वास येतो. कोळशाची वाटी हवा ओढून घेत नाही, तिच्यापर्यंत येईल तेवढंच शोषते. बंद ड्रॉवरमध्ये थोडा उपयोग, हॉलमध्ये शून्य.

वास दबावा म्हणून रूम फ्रेशनर मारतो, सकाळी धूपही लावतो. चालेल?

फ्रेशनर बंद करा. तो वास काढत नाही, त्यावर आणखी बाष्पं चढवतो. कपाटातल्या डांबरगोळ्याही काढा.

धूप-उदबत्तीबद्दल कुणाच्या श्रद्धेत पडायचं नाही. पण बंद एसीच्या खोलीत धूप म्हणजे निव्वळ पीएम २.५. देवासमोर दिवा लावा; उदबत्ती लावायचीच तर खिडकीशी आणि एक्झॉस्ट चालू करून. वास्तुशांतीचा होम असेल तर गुरुजींना आधी सांगा की होम गच्चीवर किंवा पॅसेजमध्ये करू. बहुतेक गुरुजी आनंदाने मानतात, त्यांच्याही डोळ्यांत धूर जातोच. आत केलाच तर फॉल्स सीलिंगवर काजळी बसते आणि कॅसेट एसीच्या फिल्टरला तो वास पुष्कळ दिवस राहतो.

ऑनलाइन मागवलेलं मीटर फॉर्मल्डिहाइड लाल दाखवतं. खरं मानायचं का?

त्या मीटरजवळ हाताला सॅनिटायझर चोळून बघा. आकडा उसळला तर समजा की त्याला फॉर्मल्डिहाइड आणि अल्कोहोल यांतला फरक कळत नाही. स्वस्त मीटर अत्तर, नेलपॉलिश, परफ्यूम, सगळ्यालाच दाद देतात. खरी मोजणी करायची तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून नमुना घेऊन करावी लागते. त्यात रसायन लावलेल्या नळीतून ठरावीक वेळ हवा ओढतात आणि मग तिचं विश्लेषण होतं. नमुना घेण्याआधी ऑफिस रात्रभर बंद ठेवा, नाहीतर छान छान रिपोर्ट येतो.

पैसे एकाच मीटरवर घालायचे असतील तर एनडीआयआर (इन्फ्रारेड किरणांनी मोजणाऱ्या) सेन्सरचं कार्बन डायऑक्साइड मीटर घ्या. ते बऱ्यापैकी खरं सांगतं, आणि हवा खेळते आहे की नाही हे कळलं की बाकीचं निम्मं कळलं. नाकावर भिस्त ठेवू नका. नाक थोड्याच वेळात सरावतं. बाहेरून येणाऱ्या कुरिअरवाल्याला विचारा, तो खरं सांगेल.

फर्निचर तर होऊन गेलं. आता काही करता येईल का?

टेबलाशी बसून हात त्याच्या खाली घाला. वरचा लॅमिनेट गुळगुळीत, आणि खाली? बहुतेक ठिकाणी कच्चा प्लाय लागतो, बोटाला कुसळ बोचतं. ड्रॉवरचा तळ, कपाटाची पाठ, भिंतीकडची बाजू, वायर जायला पाडलेलं गोल भोक, सगळं कच्चं. ‘दिसत नाही तिथे कशाला’ या हिशोबाने सोडलेलं असतं आणि वायू सुटतो तो तिथूनच. बोर्डाच्या कापलेल्या कडेतून तर सपाट पृष्ठभागापेक्षा किती तरी जास्त, कारण तिथे आतला थर उघडा पडलेला असतो.

सुताराला परत बोलवा. उघड्या कडांना एज बँडिंग किंवा पट्टी, मागच्या आणि खालच्या बाजूंना बॅलन्सिंग लॅमिनेट, आणि जिथे ते बसत नाही तिथे पाण्यात मिसळणाऱ्या सीलरचे दोन हात. वासाच्या पॉलिशने सील करू नका, एकाची दोन दुखणी होतील. भोकांना प्लास्टिकच्या कॅप बसवा. या सगळ्याचा खर्च एका बऱ्या प्युरिफायरएवढा येईल, आणि आमच्या मते पैसे इथे आधी घालावेत.

ऑफिसात एखादीच वस्तू खूप वास मारत असेल, बहुधा स्वस्त पार्टिकल बोर्डाचं रेडिमेड कपाट किंवा नवी फोमची खुर्ची, तर तिला दोन-तीन आठवडे गच्चीवर सावलीत ठेवा.

अजून काम सुरू व्हायचं आहे. सुताराला आणि रंगाऱ्याला काय सांगू?

प्लायची चर्चा बहुतेकदा पाण्याने फुगेल का, वाळवी लागेल का एवढ्यावर संपते. त्यात एक प्रश्न वाढवा: एमिशन ग्रेड, म्हणजे बोर्डातून फॉर्मल्डिहाइड किती सुटतं त्याची प्रत, कोणती? ई-१ किमान, ई-० मिळाली तर उत्तम, आणि ती बोर्डावर छापलेली हवी, तोंडी नको. आयएस ७१० चा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय फिनॉलिक रेझिनचा असतो. तो महाग पडतो, पण युरिया रेझिनच्या एमआर प्लायपेक्षा त्यातून फॉर्मल्डिहाइड खूप कमी सुटतं. सगळीकडे परवडत नसेल तर निदान माणसं ज्यांच्याशी दिवसभर बसतात त्या टेबलांना तो वापरा.

सनमायका पांढऱ्या, पाण्याच्या गोंदाने चिकटवा. त्याला दाब आणि वेळ लागतो म्हणून कारागीर कुरकुरतात. रबरी अ‍ॅडहेसिव्ह लगेच धरतं, पण त्यात टोल्युईनसारखी द्रावकं असतात. ते फक्त गोलाईपुरतं ठेवा. मेलामाइन पॉलिशऐवजी वॉटर-बेस पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश. फवारणीचं काम साइटवर न करता कारखान्यात करून आणा, आणि साइटवरच करावं लागलं तर रंगाऱ्याला कापडी रुमालावर सोडू नका, वायूचा मास्क द्या. आपण महिनाभर वास घेतो, तो आयुष्यभर.

कामाचा क्रमही ठरवा. रंग, पॉलिश, गोंद आधी. कार्पेट, पडदे, सोफे सगळ्यात शेवटी. वास मुरतो तो कापडातच.

जुना तैलरंग घासून काढायचा असेल तर जपून. रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घालणारा नियम २०१६ मध्ये आला आणि २०१७ च्या अखेरीपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, ओलं करून घासा.

पॅनेलिंगच्या मागून कुबट वास येतो.

ही रसायनं नव्हेत, ओल आहे. भिंतीचे पोपडे दिसू नयेत म्हणून त्यावर प्लायचं पॅनेल ठोकणं ही आपल्याकडची जुनी युक्ती. पहिल्या पावसातच मागे काळी बुरशी धरते. खालची एक पट्टी उघडून टॉर्चने बघा. बुरशी दिसली तर पॅनेल उतरवा, बाहेरच्या भिंतीची गळती बंद करा, भिंत पूर्ण सुकू द्या, मगच पुढचं. आतून वॉटरप्रूफ रंग मारल्याने पाणी थांबत नाही, दुसरीकडून फुटतं.

रोज पुसूनही टेबलावर पांढरी भुकटी कुठून येते?

वरून. फॉल्स सीलिंगच्या वर जिप्सम कापल्याची, स्लॅब ड्रिल केल्याची भुकटी तशीच पडलेली असते, आणि एसी लागला, वरून कुणी चाललं की दिव्यांच्या भोकांतून खाली येते. दिव्यांचे होल्डर काढून व्हॅक्यूमने आत साफ करून घ्या. काम सुरू असताना एसी चालवला असेल तर फिल्टर धुऊन भागणार नाही, आतली कॉइल आणि ब्लोअरही सर्व्हिसवाल्याकडून धुवा. पहिले काही आठवडे झाडू नको, ओलं पुसा. आणि फिनेल बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला; वास जास्त म्हणजे स्वच्छता जास्त असं नसतं.

टॉयलेटकडून गटाराचा वास येतो, नवी फिटिंग असूनही.

न वापरल्या जाणाऱ्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकलं असेल. रिनोव्हेशनमध्ये जुनं न्हाणीघर पॅन्ट्री किंवा स्टोअर होतं, ट्रॅप तसाच राहतो, आणि पाण्याचा अडसर गेला की वास वर येतो. आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. कायमचा नको असेल तर प्लंबरकडून बंद करून घ्या.

सहकारी गरोदर आहे, एकाला दमा आहे. त्यांनी काय करावं?

जमत असेल तर पहिला महिना-दीड महिना घरून काम द्या, नाहीतर उघडणाऱ्या खिडकीजवळची, नव्या कपाटांपासून लांबची जागा द्या. दम्याच्या माणसाने इनहेलर टेबलावर ठेवावा. धाप लागली, छातीत घरघर झाली, किंवा इनहेलर नेहमीपेक्षा जास्त लागू लागला तर हवा सुधारण्याची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा, आणि ऑफिसचं काम नुकतंच झालं आहे हे त्यांना आवर्जून सांगा. डॉक्टर ते आपणहून विचारतीलच असं नाही.

साहेब म्हणतात, ‘एवढे पैसे घातले, आता वासाचं काय घेऊन बसलात?’ त्यांना कसं सांगायचं?

तक्रार म्हणून सांगू नका, आकडा दाखवा. दिवसभर कार्बन डायऑक्साइडचं मीटर मीटिंग रूममध्ये ठेवा आणि चार वाजताचा फोटो काढा. सोबत कोणाला काय त्रास होतो, ऑफिसात किती वाजता सुरू होतो, रविवारी घरी असताना थांबतो का, हे एका कागदावर लिहा. पाच जणांचं एकसारखं निघालं की ‘तुम्हालाच होतं’ हे उत्तर उरत नाही. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा ज्या ऑफिसांना लागू आहे तिथे स्वच्छता, उजेड आणि वायुवीजन ही मालकाची जबाबदारी आहे. पण ते शेवटी काढा. ‘सर, दाराला जाळी आणि एक पंखा, एवढंच’ असं म्हटलं तर काम लवकर होतं.

बिल्डिंगवाले दर्शनी काचेला भोक पाडू देत नाहीत. मग?

दर्शनी बाजू सोडा. टॉयलेटची किंवा डक्टकडची खिडकी बहुतेक इमारतींत असतेच, एक्झॉस्ट तिथे लावा. हवा आत येण्यासाठी स्लायडिंग खिडकीचं एक तावदान काढून तेवढ्या मापाची अ‍ॅल्युमिनियमची झडप बसवता येते, बाहेरून ती काचेच्या रेषेतच दिसते आणि जागा सोडताना काच परत लावता येते. तेही नको म्हणाले तर एसीच्या पाइपांसाठी आधीच पाडलेलं भोक बघा. ते बहुधा गरजेपेक्षा मोठं पाडून फोमने बुजवलेलं असतं. फोम काढून तिथून चार इंची पाइप आणि इनलाइन पंखा जातो का ते एसीवाल्याला विचारा. फक्त बाहेरच्या तोंडाला जाळी लावायला सांगा, नाहीतर पारवे घर करतात.